कोअर टेस्टच्या नावाखाली सोसायटीचे ८,४६,५०० रुपये गेले

बिल्डिंगने तिशी ओलांडली, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट भागच होतं. कोटेशनं मागवली, सर्वसाधारण सभेत ठराव केला, मगच कन्सल्टंटला काम दिलं. फी १,७५,०००, वर जीएसटी ३१,५००. यात आमची हलगर्जी कुठे झाली ते कोणीही दाखवावं.

रिपोर्टमध्ये दहा कोअर (कॉलममधून ड्रिलने काढलेले काँक्रीटचे दंडगोल, लॅबमध्ये दाबून फोडून ताकद मोजतात), सगळ्यांची ताकद दर चौरस मिलिमीटरला ९.१ ते ९.६ न्यूटनच्या आत. मूळ काँक्रीट एम-२०, म्हणजे ताकद २० हवी. कॉलम कधीही दगा देतील, असं लेखी आल्यावर वर लेकरंबाळं राहत असताना कोण वाट बघेल? कन्सल्टंटनेच आणलेल्या ठेकेदाराला जॅकेटिंगचा (कॉलमभोवती नव्या काँक्रीटचं कवच घालण्याचा) ॲडव्हान्स ६,४०,००० दिला. चेक वटला आणि दोघांचे फोन बंद.

तो प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. पार्किंगमधल्या कॉलममधून ७५ मिलिमीटरचा कोअर निघाला, पाणी निथळत होतं, कापलेली काळी खडी स्वच्छ दिसत होती. मशीनवाल्याने तो तसाच सिमेंटच्या रिकाम्या गोणीत टाकला. पुढचाही त्याच गोणीत. मी विचारलं, नंबर कधी टाकणार? "काका, ओल्यावर मार्कर उठत नाही, लॅबमध्ये टाकतो." चोरी झाली ती तिथेच! कोअर पुसून जागच्या जागी त्यावर कॉलमचा नंबर, तारीख आणि तुमची सही, त्याशिवाय गेटबाहेर जाऊ देऊ नका.

पुढे कोअर काढलेल्या जागी ग्राउटने (पातळ सिमेंटने) बुजवलेली भोकं मोजली, तर सहाच. निकाल दहा! शिवाय वेगवेगळ्या दिवशी ओतलेलं काँक्रीट इतकं एकसारखं कधीच येत नाही, आकड्यांत फरक पडतोच. त्याच कॉलमांतून समोर उभं राहून पुन्हा कोअर काढून घेतले: १६.२, १९.८, २१.६. सरासरी १९.२. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी, एकही ७५ टक्क्यांखाली नको. एम-२० साठी म्हणजे १७ आणि १५. आमचं काँक्रीट पास आहे!

लॅब म्हणते, नमुना जसा आला तसा तपासला, तशी ओळ रिपोर्टवर आहेच. म्हणजे कोणाच्याही बिल्डिंगचा कोअर आमच्या नावाने फोडला तरी लॅब नामानिराळी. तुमच्या रिपोर्टवर ती ओळ आधी शोधा. पोलीस ठाण्यात तक्रारच घेईनात, "दिवाणी बाब आहे, वकील गाठा." वॉर्ड ऑफिसला फक्त रिपोर्ट जमा झाल्याशी मतलब, तो खरा की खोटा हे बघायला माणूसच नाही. उपनिबंधक कार्यालयात ऐकवलं, "कन्सल्टंट कमिटीनेच नेमला ना?" ऑडिट करा म्हणून नोटीस काढायला ही सगळी कार्यालयं पुढे, आणि त्याच ऑडिटात लुबाडलं गेल्यावर आम्ही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर!

ऑडिट करणाऱ्याने सुचवलेल्या ठेकेदाराला एक रुपयाही देऊ नका. लॅबची फी सोसायटीने थेट भरा, कोअर फोडताना आपला माणूस दाब देणाऱ्या मशीनजवळ उभा ठेवा. लांबी-व्यास प्रमाणाची दुरुस्ती (आखूड कोअरची ताकद जास्त दिसते, म्हणून करायची ती) आकड्यांत दाखवलेली नसेल, तर रिपोर्ट परत करा. आमची लेखी तक्रार दोन्ही रिपोर्टांसह आता पोलीस आयुक्तांकडे दिली आहे, पोच घेतली आहे. उत्तर अजून नाही.