महाधमनी अरुंद असलेलं मूल: ऑपरेशन, फुगा की स्टेंट?

टू-डी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘कोआर्क्टेशन ऑफ एओर्टा’, म्हणजे महाधमनी एका जागी अरुंद, असं लिहून आलं की घरात पहिला प्रश्न निघतो: बिनटाक्याचं होईल का? साहजिकच आहे. आजोबांची अँजिओप्लास्टी मनगटातून झाली, दोन दिवसांत ते घरी आले. मग नातवाची छाती कशाला उघडायची? पण आजोबांच्या धमनीत चरबी साठली होती, नातवाची महाधमनी मुळातच अरुंद घडली आहे. आणि नातू अजून वाढायचा आहे. ऑपरेशन, फुग्याने (बलूनने) जागा रुंदावणं आणि स्टेंट म्हणजे धातूची जाळी बसवणं, या तिन्ही उपायांमधली निवड या वाढीवरच ठरते.

हृदयातून निघालेली महाधमनी डोक्याला आणि हातांना फांद्या देत खाली वळते. डाव्या हाताची फांदी फुटली की बहुधा तिथेच पुढे ही चिंचोळी जागा असते. त्यामुळे वरच्या अंगात रक्तदाब जास्त, पायांत कमी. डॉक्टर जांघेतली नाडी चाचपतात ती याचसाठी. हात आणि पायांच्या बीपीत २० किंवा त्याहून जास्त फरक असेल तर सहसा उपचाराचा निर्णय होतो. तो लांबवण्यात शहाणपण नाही: जितका उशीर, तितकी बीपी पुढे कायम चढं राहण्याची शक्यता जास्त.

पहिल्या काही आठवड्यांतलं बाळ असेल तर निवडीला फारसा वाव नसतो. महाधमनी आणि फुफ्फुसाच्या धमनीला जोडणारी, गर्भात उघडी असलेली नळी जन्मानंतर मिटते आणि खालच्या अंगाचा रक्तपुरवठा अचानक तुटू शकतो. बाळ दूध ओढत नाही, पाय गार पडतात, लघवी कमी होते. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन सलाईनसारखं चालू ठेवून ती नळी उघडी ठेवतात, बाळ सावरलं की ऑपरेशन करतात. इथे फुगा कमी पडतो. या वयात त्या जागेचा ऊतक फुगा काढला की परत आकसतो. निम्म्याहून जास्त नवजात बाळांत ती जागा पुन्हा अरुंद होते. बाळ ऑपरेशन सोसण्याच्या स्थितीतच नसेल, तर तात्पुरता आधार म्हणून फुगवतात, तेवढंच.

ऑपरेशन आता नवं राहिलेलं नाही. स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी १९४४ साली ते पहिल्यांदा केलं, पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी. डाव्या कुशीतून फासळ्यांमधून आत जातात, वर-खाली चिमटे लावून रक्त थोडा वेळ थांबवतात, अरुंद तुकडा कापून काढतात आणि दोन्ही टोकं तिरकी, रुंद कापून एकमेकांना शिवतात. बऱ्याच मुलांत हृदय थांबवावं लागत नाही. महाधमनीची कमानच बारीक असेल, तर मात्र छाती पुढून उघडून हार्ट-लंग मशीनवर काम करावं लागतं, आणि ते ऑपरेशन जास्त मोठं आहे. आपल्या मुलाचं यांपैकी कोणतं, हे आधी विचारून घ्या. पूर्वी डाव्या हाताची धमनी वापरून ही जागा रुंद करत. त्या हाताची नाडी पुढे लागत नाही. कृत्रिम कापडाचं ठिगळ लावण्याची पद्धत होती, ती मागे पडली, कारण वर्षांनंतर ठिगळाजवळ फुगवटे सापडू लागले.

जोखीम? रक्त थांबलेल्या वेळात मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडणं ही सगळ्यांत धास्तीची गोष्ट. ती फार क्वचित घडते, पण संमतीपत्रावर असतेच. आवाजाच्या नसेला धक्का बसून आवाज घोगरा होऊ शकतो, छातीत दुधाळ द्रव साठू शकतो, पहिले काही दिवस बीपी उसळू शकतं. साधारण आठवडाभर मुक्काम, कुशीत व्रण. त्या बदल्यात बाहेरची कुठलीच वस्तू आत राहत नाही आणि शिवलेली जागा मुलाबरोबर वाढते. मला ही बाजू जड वाटते, विशेषतः पाच वर्षांखाली.

स्टेंटचं गणित उलटं आहे. जांघेतून नळी सरकवून जाळी बसवतात, एक-दोन दिवसांत घरी. पण मोठ्या माणसाची महाधमनी सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते. आज बसवलेली जाळी उद्या तेवढी रुंदावता आली पाहिजे. असा स्टेंट नेणारी नळी लहान मुलाच्या जांघेतल्या धमनीला झेपत नाही. म्हणून साधारण २० ते २५ किलो वजनापुढेच बहुतेक केंद्रं स्टेंटचा विचार करतात. किशोरवयात आणि मोठेपणी तो बहुधा पहिली पसंती असतो, तिथे ऑपरेशनचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. वाढत्या मुलात मात्र पुन्हा कॅथलॅबमध्ये (धमनीतून नळी घालून उपचार करतात त्या खोलीत) जाऊन स्टेंट रुंदावणं आलंच. ते अपयश नाही, ते आधीपासूनच ठरलेलं असतं. हे सांगितलं गेलं नाही तर पालक दुसऱ्या वेळी हबकतात.

खरी ओढाताण मधल्या वयात, म्हणजे सहा-आठ वर्षांच्या, अठरा-वीस किलोच्या मुलाची. औषधांनी बीपी आवरतंय आणि हृदयावर ताण दिसत नाही, तर वर्षभर थांबून स्टेंट बसवायचा की आत्ताच ऑपरेशन उरकायचं? हृदयाचा स्नायू जाड होऊ लागला असेल तर थांबू नये, असं मी म्हणेन. नसेल आणि अरुंद भाग छोटा असेल, तर थांबण्याला अर्थ आहे. नुसता फुगा वापरला तर आतला थर चिरून जागा रुंद होते. तिथे पुढे फुगवटा येऊ शकतो. फुग्याचं हक्काचं ठिकाण वेगळंच आहे: ऑपरेशननंतर पुन्हा अरुंद झालेली जागा. तिथला व्रण फुग्याने चांगला उघडतो.

पैशांबद्दल एक गैरसमज. २०१७ साली सरकारने घातलेली किंमतमर्यादा हृदयाच्या धमन्यांच्या स्टेंटला आहे, महाधमनीच्या मोठ्या स्टेंटला नाही. त्याचं अंदाजपत्रक वेगळं मागा. अंगणवाडी किंवा शाळेतल्या तपासणीत दोष सापडला असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढची वाट मिळते, महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली काय बसतं ते रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतात. खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावर मोफत उपचार होतात.

तिन्हींपैकी कोणत्याही वाटेने गेलात तरी तपासण्या जन्मभर आहेत. दरवर्षी बीपी, आणि तेही उजव्या हातावर. अधूनमधून सीटी किंवा एमआरआय. निम्म्याच्या आसपास मुलांत महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते, तिच्यावरही नजर ठेवावी लागते. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोम या मुलींमधल्या गुणसूत्रदोषासाठी तपासणी विचारा.

आणि जिथे सल्ला घेताय तिथे मुलांचे हृदय-सर्जन आणि कॅथलॅबमधले बालहृदयरोगतज्ज्ञ, दोघंही आहेत का बघा. एकच असेल तर सल्ला त्याच्या हातात असलेल्या उपायाकडे झुकण्याची शक्यता असते. तारीख घेण्याआधी एकोची सीडी आणि सीटी घेऊन दुसऱ्या गटाचं मत घ्या.