बीबीसी आणि प्रसार भारती: पैसा कोणाचा, आवाज कोणाचा?

ब्रिटनमध्ये थेट टीव्ही पाहायचा तर परवाना शुल्क भरावं लागतं. एप्रिल 2025 मध्ये रंगीत टीव्हीसाठी ते वर्षाला 174.50 पौंड होतं. ते प्रेक्षकांकडून गोळा होऊन बीबीसीला मिळतं. मात्र दर सरकार ठरवतं आणि बीबीसी ज्या शाही सनदीवर चालते तिची मुदत 2027 अखेरची. त्यामुळे नूतनीकरण जवळ आलं की दबाव वाढतो.

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990चा, लागू झाला 1997मध्ये. तिचं संचालक मंडळ निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष राज्यसभेचे सभापती असतात. कागदावर स्वायत्तता नीट आहे, पण पगाराचा पैसा मंत्रालयाच्या अनुदानातून येतो आणि खरी मेख तिथेच आहे. त्यात खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्याच तर आकाशवाणीच्या पुनःप्रक्षेपित कराव्या लागतात. म्हणजे रेडिओवर दुसरी बाजू ऐकायची सोयच नाही.

देशातल्या भाषांच्या बाबतीत मात्र आकाशवाणी सरस. 23 भाषा, 179 बोली! बीबीसीकडे वेल्शसाठी रेडिओ कम्री आणि गेलिकसाठी बीबीसी अल्बा आहे, पण आकाशवाणीचा विस्तार वेगळाच.

मतभिन्नतेसाठी बीबीसीची रचना बरी, लोकसंस्कृतीच्या नोंदीसाठी आकाशवाणीची. शुल्काची पद्धत इथे आणणं अवघड. अनेक वर्षांचं अनुदान एकदम मंजूर करणं जमण्यासारखं आहे.