चाळीस मिनिटांचा अल्बम आणि तीन सीडींचा संच

आम्हा तिघांत कुणीही कुणाला फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला: सध्या कानात काय? तब्येत, काम, घरचे सगळे कसे आहेत, याचा नंबर त्यानंतर. तिघांनाही सिनेमाच्या पार्श्वसंगीताचं वेड, पण वेडाचे प्रकार वेगळे. काका निवृत्त आहेत, त्यांच्याकडे एलपींचा, म्हणजे जुन्या तबकड्यांचा, ढीग आहे आणि गेले कित्येक महिने ते 'सायको'वरच अडकलेत. १९६० साली बर्नार्ड हर्मनने अख्ख्या सिनेमाला फक्त तंतुवाद्यं वापरली, याचं त्यांना अजून नवल संपत नाही. दुसरा माझा मित्र, व्यवसायाने संकलक. त्याचं सध्या 'ई.टी.'चा शेवट ऐकणं चाललंय, कारण तिथे पडद्यावरच्या चित्राशी वेळ जुळवता जुळवता संगीतकार जॉन विल्यम्सची दमछाक झाली, तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्गने चित्र बंद करून त्याला मैफलीसारखं मोकळं वाजवू दिलं आणि नंतर त्या संगीतावर दृश्यं पुन्हा कापली. संकलकाला यात स्वतःच्या जमातीचा पराभव दिसतो की विजय, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि तिसरी मी. पोटापाण्यासाठी सबटायटल करते. म्हणजे दिवसभर संवाद ऐकायचे. मागचं संगीत माझ्यासाठी बहुतेक वेळा अडथळाच. कदाचित म्हणूनच संध्याकाळी मला माणसांचा आवाज नसलेलं काहीतरी हवं असतं. गेले तीन आठवडे ते 'काहीतरी' म्हणजे 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर' हा अंतराळपट. जेरी गोल्डस्मिथचं संगीत, १९७९. ऐकतेय तो २०१२ साली निघालेला तीन सीडींचा संच, आणि हे परीक्षण त्याचंच.

संच हाती आला तो सेकंडहँड. विकणाऱ्याने 'जवळजवळ नवा' असं लिहिलं होतं. उघडला तर दुसरी सीडी पहिलीच्या खाचेत, पहिली दुसरीच्या खाचेत, आणि तिसरी सुटी होऊन डब्यात खुळखुळत होती. तिच्यावर एक छान अर्धगोल ओरखडा. वाजते, पण शेवटून दुसऱ्या ट्रॅकवर एकदा अडखळते. तक्रार केली, उत्तर आलं नाही. असो. ओरखडा पडायचाच होता तर योग्य सीडीवर पडला, असं आता म्हणते. का ते पुढे येईलच.

आधी मूळ अल्बमबद्दल. १९७९ साली सिनेमासोबत जो अल्बम आला त्यात नऊ ट्रॅक होते आणि एकूण साधारण चाळीस मिनिटं. एलपीच्या दोन बाजू, एकेका बाजूला मावतात वीसेक मिनिटं, असा तो हिशेब. त्या काळच्या अल्बमांची ही सरळ मर्यादा होती. पुढे सीडी आली, जागा वाढली, तरी अमेरिकेत वादकांना अल्बमसाठी वेगळं मानधन द्यावं लागायचं, त्यामुळे पार्श्वसंगीताचे अल्बम वर्षानुवर्षं अर्ध्या-पाऊण तासाचेच राहिले. आम्ही वेडी माणसं तेव्हापासून कुरकुरतोय की अमुक प्रसंगाचं संगीत अल्बममध्ये नाही, तमुक प्रसंगाचं अर्धंच आहे. २०१२च्या संचात हे सगळं भरून निघालं. पहिल्या सीडीवर सिनेमात आहे तसं आणि त्या क्रमाने संगीत. दुसरीवर गोल्डस्मिथने आधी लिहिलेले, नंतर बाजूला पडलेले तुकडे आणि त्यापाठोपाठ मूळ अल्बम. तिसरीवर उरलंसुरलं.

पहिली सीडी लावली की आधी पडदा बंद असतानाचं संगीत येतं, 'ओव्हर्चर'. पडदा उघडायच्या आधी प्रेक्षकांनी नुसतं बसून संगीत ऐकायचं, ही पद्धत तेव्हा जवळजवळ संपली होती. इथे ती जागा इलिया या सिनेमातल्या नायिकेच्या धूनला दिलीय, मऊ तंतुवाद्यांवर. मग क्षणभर शांतता आणि एकदम ती धडाक्याची मुख्य थीम. ज्यांनी हा सिनेमा पाहिला नाही त्यांनाही ती ओळखीची वाटेल, कारण १९८७ साली सुरू झालेल्या 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेने हीच थीम घेतली. थीम संपते न संपते तोच क्लिंगॉन या परग्रहवासी योद्ध्यांच्या जहाजांवर हल्ला: लाकडी तालवाद्यांची कोरडी टकटक, वर पितळी वाद्यांची रानटी आरोळी, आणि मध्येच तो आवाज.

त्या आवाजाबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. हेडफोन लावून, दिवा बंद करून मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर गेला. कुठेतरी खोलवर एखादी लोखंडी तुळई कुणी ओढत नेतंय असा. वाद्याचं नाव ब्लास्टर बीम. माणसाहून कितीतरी लांब धातूचा पट्टा, त्यावर तारा ताणलेल्या, खाली इलेक्ट्रिक गिटारला असतात तसे आवाज टिपणारे पिकअप. वाजवणारा क्रेग हक्सली. गंमत म्हणजे हा माणूस लहानपणी मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेत बालकलाकार होता, कॅप्टन कर्कचा पुतण्या. मोठा होऊन त्याच जगात परतला तो राक्षसाचा आवाज बनून. टीव्हीच्या स्पीकरवर हा आवाज नुसता 'ढ्यॅंव' असा ऐकू येतो. चांगल्या हेडफोनमध्ये त्याला शेपूट असते, तो विरताना खाली घसरत जातो, आणि त्या घसरण्यात ऑर्गनचे सूर मिसळतात. 'व्हीजर' या ढगाने वेढलेल्या अवाढव्य यंत्राच्या पोटात जहाज शिरतं ती मिनिटं यासाठीच ऐकावीत. मात्र झोपायच्या आधी नकोत.

आता दुसरी सीडी. या संचाला किंमत आहे ती हिच्यामुळे.

सिनेमात एक प्रसंग आहे. कॅप्टन कर्क आणि त्याचा इंजिनियर स्कॉटी एका छोट्या यानातून गोदीत उभ्या असलेल्या 'एंटरप्राइज' या त्यांच्या अंतराळजहाजाभोवती फेरी मारतात. जवळजवळ सहा मिनिटं. सुरुवातीची दोनचार वाक्यं सोडली तर संवाद नाही. माझ्या धंद्यात अशा प्रसंगाला आम्ही सुट्टी म्हणतो. सगळं काम संगीतावर. गोल्डस्मिथने या प्रसंगासाठी आधी एक तुकडा लिहिला, ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतला. दिग्दर्शक रॉबर्ट वाईझ यांनी तो ऐकला आणि सांगितलं, यात थीम नाही. त्यांना ऐकताना शिडाची जहाजं आठवली. सिनेमाची प्रदर्शनाची तारीख ७ डिसेंबर १९७९ अशी पक्की ठरलेली, वेळेची मारामार, आणि संगीतकाराला परत पाटी कोरी करायला लागली.

तो नाकारलेला तुकडा या सीडीवर आहे. मी तो दहाएक वेळा ऐकला. वाईट मुळीच नाही, उलट फार देखणा आहे. तंतुवाद्यं लाटेसारखी चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. पण भांडी घासताना गुणगुणायला गेले तर तोंडात काही येईना. भव्यता आहे, पण ती कुणाची तेच कळत नाही. आणि वाईझ यांचं ते शिडांचं निरीक्षण एकदा कानात बसलं की काढताही येत नाही. समुद्र, वारा, दोरखंड, सगळं येतं, अंतराळ काही येत नाही.

लगेच त्यानंतर पहिल्या सीडीवरचा पक्का तुकडा लावा. हॉर्नवर थीमचा जेमतेम एक घास येतो आणि थांबतो. पुन्हा येतो, किंचित पुढे जातो, पुन्हा थांबतो. जसं जहाजाचं एकेक अंग नजरेला पडतं, एखादा कठडा, एखादी खिडक्यांची रांग, तसतशी धून तुकड्यातुकड्यांनी जमत जाते. आणि जहाज समोरून पूर्ण दिसतं तेव्हा ती पहिल्यांदा सलग वाजते. प्रेक्षकाला मुख्य थीम श्रेयनामावलीतच ऐकवून झालेली आहे, म्हणजे इथे नवीन काहीच नाही. तरी अंगावर काटा येतो, कारण आपण तिची वाट बघत असतो.

संकलक मित्राने एक उद्योग केला. नाकारलेला तुकडा त्या दृश्याखाली लावून पाहिला. रात्री अकराला फोन.

"अगं, जहाज तेच आहे. पण ते कर्कचं वाटत नाही. कुणाचंही वाटतं."

मी म्हटलं, "मग वाईझ बरोबर होते?"

"शंभर टक्के. माणूस मुळात संकलक होता, 'सिटिझन केन' त्याने कापलाय. त्याला कळणारच."

त्याच्या आवाजातला जातभाईंचा अभिमान लपत नव्हता. काकांना सांगितलं तर ते वेगळीच गोष्ट धरून बसले. "वाईझचं कौतुक करताय ते ठीक. पण ज्याने ते बोलणं ऐकून घेतलं आणि ही थीम लिहिली त्याचं काय? तुम्ही दोघं रोज क्लायंटला शिव्या घालता ना, एक फेरबदल सांगितला की?" यावर आम्ही दोघंही गप्प. त्या आठवड्यात मला एका मालिकेची अडीचशे सबटायटल परत करायला सांगितली होती आणि मी काकांशीच त्याबद्दल अर्धा तास बोलले होते.

दुसऱ्या सीडीवर असेच आणखी जुने खर्डे आहेत: गोदीतून निघताना, कर्कचा साथीदार स्पॉक याचं येणं, वगैरे. सगळे ऐकावेत असे, पण दोन रूपांमधला फरक 'एंटरप्राइज'इतका कुठेच लख्ख दिसत नाही.

आता जिथे आमचं तिघांचं फाटतं तो मुद्दा. मित्राचं म्हणणं, पूर्ण संगीत ऐकायचं तर सिनेमाच्या क्रमानेच, बाकी सगळं तडजोड. काकांचं म्हणणं, मूळ एलपी हाच खरा अल्बम, हे तीन-तीन सीडींचे संच म्हणजे कोठीतला सगळा माल दिवाणखान्यात मांडण्याचा प्रकार. मी संच घेतला तेव्हा मित्राच्या बाजूने होते. तीन आठवड्यांनी मला काकांकडे सरकावं लागलंय.

कारण साधं आहे. सिनेमाच्या क्रमाने ऐकलं तर पहिल्या सीडीचा मधला भाग लांबतो. ढगात शिरणं, मग व्हीजरच्या वरून जाणं, मग आणखी आत जाणं. पडद्यावर चित्र असताना ठीक, नुसतं ऐकताना धुकं संपता संपत नाही. मधूनमधून कॅप्टनच्या नोंदीचे इवलेसे तुकडे येतात. जुन्या टीव्ही मालिकेसाठी अलेक्झांडर करेजने केलेली ती धून ऐकून पहिल्यांदा गोड वाटतं, दुसऱ्यांदा बोट पुढच्या ट्रॅकवर जातं. गोल्डस्मिथच्या चाळीस मिनिटांच्या अल्बममध्ये हे लांबणं नाही आणि नोंदीचे तुकडेही नाहीत. तिथला क्रम बघा: मुख्य थीम आणि क्लिंगॉन, लगेच गोदीतून निघणं, मग ढग, आणि त्यानंतर चौथ्या क्रमांकावर जहाजाभोवतीची फेरी. गोष्टीच्या हिशेबाने हे उलटं आहे. जहाज आधी निघतं आणि मग आपण त्याच्याभोवती फिरतो. पण कानाच्या हिशेबाने अचूक. ढगाच्या पाच गढूळ मिनिटांनंतर ती थीम उजेडासारखी येते. नंतर इलियाची धून, एलपीवर असता तर इथे बाजू पालटायची वेळ. शेवटी स्पॉकची अवकाशातली फेरी, सगळ्यात कर्कश, सगळ्यात धाडसी ट्रॅक, आणि त्यावर उतारा म्हणून शेवटची श्रेयनामावली, जिच्या पोटात इलियाची धून पुन्हा एकदा डोकावते. 'जॉज'चंही असंच आहे. १९७५चा अल्बम विल्यम्सने मुद्दाम वेगळा वाजवून घेतला होता, सिनेमातलं रेकॉर्डिंग अल्बम म्हणून लोकांना २००० साली मिळालं. अल्बम ही सिनेमाची नक्कल असलीच पाहिजे असं या लोकांना कधी वाटलंच नव्हतं.

मित्राला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, मी आळशी झालेय.

तिसऱ्या सीडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकाच तुकड्याचे वेगवेगळे टेक, सुटे सिंथेसायझर, सुटे बीमचे आवाज. बीम एकटा ऐकायला मात्र मजा येते. ऑर्केस्ट्रा काढून घेतल्यावर तो अक्राळविक्राळ न वाटता थोडा एकाकीच वाटतो. इलियाच्या धूनवर शब्द चढवून केलेलं गाणंही आहे. ते एकदा ऐकावं, मुख्यतः पुन्हा ऐकायला नको हे ठरवण्यासाठी. ओरखडा याच सीडीवर पडला हे बरं झालं म्हणते ते म्हणूनच.

पुस्तिका चांगली जाड आहे आणि मनापासून लिहिलेली आहे. अक्षर बारीक, काकांनी भिंग घेऊन वाचली आणि तीन दिवस फोनवर तीच ऐकवली. या संगीताला ऑस्करचं नामांकन होतं, मिळालं मात्र जॉर्ज देलेरूच्या 'अ लिटल रोमान्स'ला, यावर त्यांचा एक स्वतंत्र फोन झाला. गोल्डस्मिथला आयुष्यात ऑस्कर एकच, तेही 'द ओमेन'साठी, हे त्यांचं जुनं दुखणं आहे.

नुसती थीम आवडते म्हणून घ्यायचा असेल तर संच घेऊ नका, मूळ अल्बम कुठेही ऐकायला मिळेल तो ऐका. पण संगीतकार आधी काय लिहितो आणि मग काय लिहितो हे शेजारी शेजारी ठेवून ऐकायची हौस असेल, तर घ्याच. पहिल्या दिवशी सरळ दुसरी सीडी लावा, तिच्यावरची नाकारलेली 'एंटरप्राइज' ऐका, मग पहिलीवरची. बाकीचं सावकाश. मी माझ्यासाठी पाच ट्रॅकची एक यादी करून ठेवलीय, त्यात दोन्ही 'एंटरप्राइज' पाठोपाठ आहेत. काकांना पाठवली तर उत्तर आलं, "सहावा ट्रॅक कुठाय? स्पॉक विसरलीस." ते बरोबर होतं, घातला.