१९८२ची लाफीत: बाटली खरी, आतली वाईन खोटी

फ्रान्सच्या बोर्दो भागातली, जन्मसालाची जुनी वाईन भेट द्यायची म्हणून शोधत असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

माझ्या नवऱ्याचं जन्मसाल १९८२. बोर्दोत त्या वर्षी द्राक्षं अशी पिकली की वाईनवाले अजून त्या सालाचं नाव आदराने घेतात. मला हवी होती शातो लाफीत रोथशिल्ड. बोर्दोतल्या पोयाक गावची ही वाईन बनवणारी इस्टेट तिथल्या वाईनच्या १८५५च्या अधिकृत प्रतवारीत पहिल्या श्रेणीत आली, १८६८पासून रोथशिल्ड घराण्याकडे आहे, आणि चांगल्या सालातली तिची वाईन नीट ठेवली तर चाळीस वर्षं सहज टिकते. नेमकी म्हणूनच भामट्यांचाही तिच्यावर डोळा.

आम्ही लंडनला राहतो. इथल्याच एका खासगी विक्रेत्याकडे बाटली मिळाली. बंद पडलेल्या रेस्टॉरंटच्या तळघरातला साठा, असं त्याचं म्हणणं. लेबलवरचं चित्र, कागदाचं जुनेपण, काच, सगळं निरखून पाहिलं. एका जाणकार मित्रालाही फोटो पाठवले. खोट सापडली नाही, कारण बाटली आणि लेबल लाफीतचंच होतं. किंमत बाजारभावाहून जराशीच कमी. फार स्वस्त दिली असती तर संशय आला असता, हे त्यालाही ठाऊक असणार.

जुनं बूच तुटू नये म्हणून मित्राने वाढदिवसाला दोन पात्यांचं ओपनर आणलं. त्याची पाती काच आणि बूच यांच्या मधून सरकतात, बुचाला भोक पडत नाही. बूच अखंड बाहेर आलं आणि त्याच्या मधोमध स्क्रूचं भोक दिसलं! ही बाटली आधी कुणीतरी उघडून प्यायली होती. भोकाचं वरचं तोंड मेणासारख्या कशाने तरी बुजवून वर धातूची टोपी पुन्हा चढवलेली. एवढ्या जुन्या वाईनला कडेने विटकरी छटा येते, तळाशी गाळ बसतो. आमच्या ग्लासात गडद जांभळा रंग, आणि बाटलीत गाळाचा कणही नाही. नवऱ्याने एक घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवला. पैशांपेक्षा त्याचा तो चेहरा मला जास्त लागला.

विक्रेत्याचा फोन त्यानंतर लागला नाही. पोलिसांत तक्रार केली आहे. पैसे त्याच्या आग्रहामुळे थेट खात्यात भरले होते. बँकेने हा दोघांतला वाद म्हणून हात झटकले. ब्रिटनमध्ये १०० पौंडांहून महाग वस्तू दुकानदाराकडून क्रेडिट कार्डावर घेतली, तर कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते. खासगी विक्रेता कार्ड घेत नाही, त्याचं एक कारण हेही असावं.

खोट्या वाईन विकून गाजलेला रूडी कुर्नियावान हेच मोठ्या प्रमाणावर करत होता. न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटमधून तो उंची वाईनच्या रिकाम्या बाटल्या मागवून घ्यायचा. २०१२मध्ये अटक झाली तेव्हा त्याच्या कॅलिफोर्नियातल्या घरात लेबलं, बुचं आणि बाटल्यांचा कारखानाच सापडला. २०१४मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा तुमच्याकडे अशी बाटली संपली, तर लेबल फाडा आणि काच फोडून टाका. शोभेला ठेवलेली रिकामी बाटली कुणी विकत मागितली, तर देऊ नका.

घेताना पावत्यांची साखळी मागा: इस्टेटीतून निघाल्यावर बाटली कुणाकुणाकडे, कुठल्या कोठारात होती. चाळीस वर्षांत वाईनची पातळी थोडी खाली येते. बूच बदलल्याची नोंद नसताना ती काठोकाठ असेल तर कारण विचारा. टोपी सैल, ओरखडलेली किंवा डिंकाने चिकटवलेली दिसली, तर बाटली परत करा. इस्टेटीने २०१२पासून बाहेर पडणाऱ्या बाटल्यांना खरेपणाचं सील लावायला सुरुवात केली, पण त्याआधीच बाजारात आलेल्या बाटल्यांना त्याचा उपयोग नाही.

पुण्या-मुंबईहून लंडनच्या नातेवाइकांना अशी बाटली आणायला सांगणाऱ्यांनी हे त्यांनाही कळवा. माझ्या विक्रेत्याने त्याच खोक्यातल्या आणखी बाटल्या असल्याचं सांगितलं होतं. त्या अजून कुणाला तरी विकल्या जातील.