क्रूगर: स्वतःची गाडी की खासगी लॉज?

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं की पहिला प्रश्न मुक्कामाचा. उद्यानाच्या सरकारी कॅम्पात राहून स्वतः गाडी चालवायची, की पश्चिमेला खेटून असलेल्या साबी सँडसारख्या खासगी जंगलातल्या लॉजवर उतरायचं? प्राण्यांना हा फरक ठाऊक नाही; मधलं कुंपण १९९३ मध्येच काढलंय. फरक पडतो तो आपल्याला.

लॉजची जीप उघडी. पुढे बॉनेटवर बसवलेल्या खुर्चीत माग काढणारा बसतो. धुळीत ताजा ठसा दिसला की तो हात वर करतो आणि गाडी रस्ता सोडून थेट झुडपांत शिरते. बिबट्याच बघायचा असेल तर इथेच या. खर्च मात्र दणदणीत.

क्रूगरमध्ये रस्ता सोडायची मुभा नाही. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४० किलोमीटर, आणि कॅम्पाचे दरवाजे बंद व्हायच्या आत परत. पण पाणवठ्यापाशी इंजिन बंद करून तासभर हत्ती बघत बसलात तरी ‘चला आता’ म्हणणारं कुणी नाही. मला तेच भावतं. चार रात्री असतील तर तीन कॅम्पात काढेन, शेवटची लॉजवर.