पीप्स की ईव्हलिन: १७व्या शतकातलं लंडन आधी कोणाच्या रोजनिशीतून वाचावं?

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परत आला आणि पुढच्या तीसेक वर्षांत इंग्लंडचा चेहरामोहरा बदलला. बंद पडलेली नाटकगृहं उघडली, रंगमंचावर बायका काम करू लागल्या, कॉफीहाउसं गजबजली, रॉयल सोसायटी ही विज्ञानसंस्था उभी राहिली, प्लेग आला, लंडन जळलं, आणि १६८८ मध्ये एक राजा परदेशी पळाल्यावर संसदेनं त्याच्या जागी दुसरे राजाराणी बसवले. हा काळ समजून घ्यायचा तर इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांआधी त्या काळच्या माणसाची रोजनिशी वाचावी, असं माझं ठाम मत आहे. आणि तिथेच पेच पडतो, कारण रोजनिशा दोन आहेत आणि दोन्ही लांबलचक. एक सॅम्युअल पीप्सची, दुसरी जॉन ईव्हलिनची. दोघं एकाच शहराच्या आसपास राहिले, एकाच राजाच्या चाकरीत होते आणि एकमेकांचे चांगले मित्रही होते. तरी एकाची रोजनिशी मिटून दुसऱ्याची उघडली की वेगळ्याच देशात आल्यासारखं वाटतं.

पीप्स १६३३ मध्ये फ्लीट स्ट्रीटजवळ एका शिंप्याच्या घरी जन्मला. हुशारी होती, केंब्रिजचं शिक्षण होतं, आणि एडवर्ड मॉन्टॅग्यू हा वजनदार नातेवाईक पाठीशी होता. वर्षाला ५० पौंडांच्या कारकुनीवरून तो १६६० मध्ये एकदम नौदल मंडळाच्या ३५० पौंडांच्या जागेवर गेला. ईव्हलिन त्याच्यापेक्षा १२ वर्षांनी मोठा, सरे परगण्यातल्या वॉटनच्या जमीनदार घराण्यातला. घराण्याचा पैसा मूळचा बंदुकीच्या दारूच्या कारखान्यांतला. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात तो बराचसा फ्रान्स-इटलीत हिंडला आणि परत आल्यावर डेप्टफर्डला सेज कोर्ट इथे त्याने आपली प्रसिद्ध बाग वसवली. पीप्सला पोटासाठी नोकरी धरणं भाग होतं, ईव्हलिनला तशी गरज नव्हती. पुढचा फरक पुष्कळसा इथूनच सुरू होतो.

३० जानेवारी १६४९ला व्हाइटहॉलसमोर राजा पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं गेलं. शाळकरी पीप्स त्या गर्दीत होता आणि जे झालं ते योग्यच झालं असं त्याला वाटत होतं. ईव्हलिन मुद्दाम तिकडे फिरकला नाही, त्याने त्या दिवशी उपास धरला. अकरा वर्षांनी राजेशाही परतली तेव्हा दोघंही आनंदले, पण आनंदाची जात निराळी होती. राजाला आणायला हॉलंडला गेलेल्या जहाजांच्या ताफ्यात पीप्स होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एक जुना शाळासोबती भेटला, तेव्हा आपण पोरवयात राजाच्या वधाबद्दल काय बोललो होतो ते याला आठवणार तर नाही ना, या धास्तीनं तो कासावीस झाला. ईव्हलिनची आठवण दुसरी. १६५७च्या नाताळात, सण पाळायलाच बंदी असताना, तो चर्चमध्ये प्रसाद घेत होता आणि राजा नसताना सत्ता हाती असलेल्या क्रॉमवेलच्या शिपायांनी त्याच्यावर बंदुका रोखल्या होत्या. मे १६६०मध्ये राजाची मिरवणूक निघाली तेव्हा स्ट्रँडवर उभं राहून त्याने देवाचे आभार मानले. राजेशाहीची पुनःस्थापना काहींसाठी बढतीची संधी होती आणि काहींसाठी श्रद्धा परत मिळण्याची वेळ. या दोघांत दोन्ही बाजू दिसतात.

आता लिहिण्याच्या पद्धतीकडे येऊ, कारण निवड मुख्यतः त्यावर ठरावी. पीप्सने १ जानेवारी १६६०पासून ३१ मे १६६९पर्यंत लिहिलं. डोळे जातील या भीतीनं थांबला. साडेनऊ वर्षांहून कमी काळ, पण शब्द सुमारे साडेबारा लाख, आणि तेही लघुलिपीत. शंभराहून जास्त वर्षं ते कोणी वाचलं नव्हतं. १८१९ ते १८२२ या काळात जॉन स्मिथ नावाच्या तरुणाने ते उलगडलं आणि १८२५ मध्ये त्यातला काही भाग छापला गेला. ईव्हलिनची नोंदवही १६४० पासून १७०६ मध्ये तो वारला तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ ६६ वर्षं चालते. पण तिचा सुरुवातीचा मोठा भाग त्याने जुन्या टिपणांवरून नंतर लिहून काढला आहे आणि इटलीच्या प्रवासातली काही वर्णनं तर त्या काळच्या प्रवासपुस्तकांतून उचललेली आहेत. म्हणून त्या क्षणी माणसाच्या मनात काय होतं हे हवं असेल तर पीप्स. एखाद्या गोष्टीवर विचार करून, ती नीट लावून, पुढच्या पिढीसाठी ठेवलेली नोंद हवी असेल तर ईव्हलिन.

पीप्सचा प्रामाणिकपणा किती खोल जातो ते पाहायला ३ एप्रिल १६६३ची नोंद वाचा. एका कप्तानाने काम करून दिल्याबद्दल त्याला पाकीट दिलं. पीप्सने ते कचेरीत आणून फोडलं आणि आतले पैसे पूर्ण बाहेर पडेपर्यंत पाकिटात पाहिलंच नाही. उद्या कोणी विचारलं तर ‘मी त्या कागदात पैसे पाहिले नाहीत’ असं सांगता यावं म्हणून. एक सोन्याचं नाणं आणि चार पौंड चांदीत निघाले. सरकारी कचेरीत वरकमाई कशी चालते आणि घेणारा स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतो, याचं इतकं स्वच्छ चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि हाच माणूस नौदलाचे हिशेब, लाकूड, दोरखंड, शिधा यांत रात्री जागून सुधारणा करत होता. दोन्ही खरं आहे, आणि पीप्स दोन्ही लिहून ठेवतो.

लंडनची आग हा दोघांना शेजारी ठेवून पाहण्याचा सर्वांत चांगला प्रसंग. २ सप्टेंबर १६६६च्या पहाटे मोलकरणीने पीप्सला उठवलं. खिडकीतून पाहून, आग लांब आहे असं समजून तो पुन्हा झोपला. सकाळी टॉवर ऑफ लंडनवर चढून पाहिलं तेव्हा लंडन ब्रिजच्या टोकाची घरं पेटलेली होती. नदीवरून जाताना त्याने पाहिलं, कबुतरं घर सोडायला तयार नव्हती, खिडक्या-सज्ज्यांभोवती घिरट्या घालत राहिली आणि पंख भाजून खाली पडली. मग तो थेट राजवाड्यावर गेला आणि घरं पाडल्याशिवाय आग थांबणार नाही असं त्याने राजाला सांगितलं. राजाचा हुकूम घेऊन तो परतला, तर महापौर गळ्याभोवती रुमाल गुंडाळून हताश उभा होता. दोन दिवसांनी पीप्सने खड्डा खणून आपली वाइन आणि परमेझान चीज पुरलं. नंतर चिमणीच्या भगदाडातून बाहेर काढलेलं मांजर त्याला दिसलं, अंगावरचे केस सगळे जळालेले, पण जिवंत.

ईव्हलिन आग पाहायला बायको-मुलाला घेऊन नदीपलीकडे गेला होता. ७ तारखेला तो जळक्या शहरातून पायी चालला तेव्हा जमीन इतकी तापलेली होती की बुटांचे तळ भाजले. सेंट पॉल कॅथीड्रलचे दगड गोळ्यांसारखे उडाले, छपराचं शिसं वितळून रस्त्यांवरून वाहिलं, हे त्याने टिपलं. मग तो इस्लिंग्टन-हायगेटकडे उघड्यावर पडलेल्या हजारो लोकांकडे गेला. उपाशी असूनही कोणी एक पेनी मागत नाही, याचं त्याला नवल वाटलं. आणि १३ सप्टेंबरला तो नव्या शहराचा आराखडा घेऊन राजासमोर हजर. सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळालेल्या शहरात आठवड्याच्या आत माणूस रुंद, सरळ रस्त्यांचा नकाशा काढतो! तो आराखडा अमलात आला नाही, शहर बरंचसं जुन्याच गल्ल्यांवर पुन्हा उभं राहिलं. पण समाज विचारपूर्वक घडवता येतो, हा पुढच्या शतकाचा विश्वास या नकाशात आधीच दिसतो. त्याआधी १६६१ मध्येच त्याने लंडनच्या कोळशाच्या धुराविरुद्ध पुस्तिका लिहून धूर ओकणारे धंदे शहराबाहेर हलवा आणि भोवती सुगंधी झाडं लावा, असं राजाला सुचवलं होतं.

म्हणून ‘विचार’ हा तुमचा विषय असेल तर ईव्हलिनला झुकतं माप द्या. रॉयल सोसायटीच्या अगदी पहिल्या मंडळींत तो होता. पीप्स १६६५ मध्ये सभासद झाला. प्रयोगांतलं सगळंच त्याला कळत नसे, पण कुतूहल दांडगं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींवरचं रॉबर्ट हूकचं पुस्तक त्याने रात्री दोनपर्यंत जागून वाचलं. मेंढीचं रक्त अंगात घालून घेतलेल्या माणसाला तो भेटला आणि तो थोडा डोक्यानं हललेला असला तरी नीट बोलतो, अशी नोंद केली. १६८४ मध्ये तो सोसायटीचा अध्यक्ष झाला, आणि न्यूटनच्या १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’च्या मुखपृष्ठावर छपाईची परवानगी देणारा म्हणून त्याचं नाव आहे. पण या शेवटच्या दोन गोष्टी त्याच्या रोजनिशीनंतरच्या, त्यामुळे त्याच्याच शब्दांत वाचायला मिळत नाही. ही पीप्सची मोठी उणीव.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पीप्स स्वतःच्या घरातल्या मोलकरणी, दुकानातल्या पोरी, नवऱ्याला नौदलात बढती हवी म्हणून आलेल्या बायका यांच्याशी जे वागला ते त्याने फ्रेंच-स्पॅनिश-लॅटिनची भेसळ करून लिहून ठेवलं आहे. ते रंगेल किस्से म्हणून सांगण्याची फार जुनी सवय आहे, आणि ती मला चुकीची वाटते. त्या मुलींना नाही म्हणायची सोय नव्हती. ऑक्टोबर १६६८मध्ये त्याच्या बायकोने, एलिझाबेथने, त्याला डेब विलेट या तरुण मुलीबरोबर पकडलं. पुढच्या कित्येक नोंदी एलिझाबेथचा संताप आणि त्याची लाचारी यांनी भरल्या आहेत, पण नोकरी गेली ती डेबची. हे वाचताना त्रास होतो, व्हायलाच हवा. त्या काळच्या घरातली सत्ता कशी चाले हे एवढ्या जवळून सांगणारा पुरावा मात्र दुसरा नाही.

ईव्हलिन कोरडा, उपदेशकी वाटतो अशी तक्रार असते, आणि ती थोडी खरीही आहे. प्रवचनांचे सारांश पानंच्या पानं येतात. खुद्द पीप्सनेच त्याला थोडा आत्मगौरवाचा सोस आहे असं म्हणून लगेच, इतरांपेक्षा एवढा वरचढ माणूस आहे तर तो असायचाच, अशी भर घातली होती. पण जानेवारी १६५८मध्ये पाच वर्षांचा मुलगा रिचर्ड गेला त्या दिवशीची नोंद वाचून पाहा. त्या पोराला काय काय वाचता येत होतं, हे बाप एकामागून एक मांडत राहतो, थांबता थांबत नाही. १६८५ मध्ये १९ वर्षांची मुलगी मेरी देवीनं गेली तेव्हाही तसंच.

आणि १६६९ नंतरचं इंग्लंड फक्त ईव्हलिनकडेच मिळतं. १६८३-८४च्या हिवाळ्यात थेम्स गोठली, तिच्यावर दुकानांच्या रांगा लागल्या, लोक आपली नावं छापून घेतील म्हणून छापखानासुद्धा बर्फावर थाटला गेला. त्याच नोंदीत कोळशाच्या धुरानं श्वास घेता येईना हेही आहे. दुसरा चार्ल्स मरण्याच्या काही दिवस आधीच्या रविवारी रात्री त्याने दरबार पाहिला: राजा आपल्या तीन आवडत्या बायकांबरोबर बसलेला, एक फ्रेंच पोरगा प्रेमगीतं गातोय, आणि मोठ्या टेबलाभोवती वीसेक दरबारी किमान २००० पौंड सोनं मांडून पत्ते खेळतायत. नंतर दुसरा जेम्स गादीवर आला, १६८८ मध्ये पळाला, मग विल्यम-मेरी हे राजाराणी आले. ईव्हलिन हे सगळं सावध, काळजीच्या सुरात टिपतो.

मराठी वाचकाला पीप्सकडे ओढणारी एक जागा आहे. १५ मे १६६३ला तो लिहितो, पोर्तुगीजांनी मुंबई बेटाच्या बाबतीत आपल्याला फसवलं, ठरूनही ताबा देत नाहीत. चार्ल्सच्या पोर्तुगीज राणी कॅथरिनच्या लग्नाच्या करारात मिळालेलं हे बेट ताब्यात घ्यायला गेलेला अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहता पाहता मेला. ताबा मिळाला तो १६६५ मध्ये, आणि १६६८ मध्ये राजाने वर्षाला १० पौंडांवर बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. पीप्सच्या त्या नोंदीच्या महिनाभर आधी पुण्यात लाल महालावर छापा पडला होता. नोव्हेंबर १६६५मध्ये पकडलेल्या डच जहाजांच्या तळघरात पीप्स उतरला तेव्हा पायाखाली मिरी पसरली होती आणि लवंग-जायफळांत तो गुडघ्यांच्याही वर रुतत चालला. पूर्वेकडचा माल लंडनला काय वाटत होता ते या एका ओळीत कळतं.

माझा कौल असा. तुम्ही या काळात पहिल्यांदाच पाऊल टाकत असाल तर पीप्स घ्या. भाषाही त्याचीच सोपी, वाक्यं छोटी. पण १ जानेवारी १६६०पासून सुरू करू नका, कारण सुरुवातीला नावांची गर्दी फार आहे. जून १६६५, म्हणजे प्लेगच्या घरांच्या दारांवर लाल फुल्या दिसू लागल्या तिथून १६६६च्या अखेरपर्यंत वाचा, मग मागे या. बाग, शहररचना, विज्ञान, धर्म किंवा १६८८ची क्रांती यांतलं काही तुमच्या मनात आधीपासून असेल तर सरळ ईव्हलिनच्या जानेवारी १६८४पासून सुरुवात करा आणि १६८९पर्यंत जा. त्याची इटलीची पानं चित्रकलेची आवड असेल तरच.

आवृत्ती निवडताना जपा. इंटरनेटवर फुकट मिळणारा पीप्स बहुधा व्हीटलीने १८९० च्या दशकात काढलेला असतो, आणि त्यातून वर सांगितलेले नको ते भाग गाळलेले आहेत. पूर्ण मजकूर लॅथम आणि मॅथ्यूज यांनी १९७० ते १९८३ या काळात ११ खंडांत काढला. ईव्हलिनचा संपूर्ण पाठ दे बीअरच्या १९५५च्या सहा खंडांत आहे, जालावरचा बहुतेक १८१८च्या विल्यम ब्रेच्या आवृत्तीवर आधारलेला. दोन्हींत तारखांचा एक घोळ लक्षात ठेवा: तेव्हा इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चच्या नोंदींवर कधी कधी ‘१६५९/६०’ असं जोडवर्ष दिसेल. तिथे दुसरा आकडा धरायचा.