न्यूयॉर्क सबवेची 'अस्सल जुनी' पाटी: सात नावांत पकडलेली फसवणूक

जाहिरात अशी होती: न्यूयॉर्क सबवेच्या डब्यातली १९३८ सालची अस्सल कापडी रोलसाइन, कोनी आयलंडच्या यार्डातून आलेली, फ्रेमसकट, ६५० डॉलर. न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबानं ती दिवाणखान्यासाठी घेतली. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत सात नावं: २०७ स्ट्रीट, युक्लिड अव्हेन्यू, लेफर्ट्स बूलेव्हार्ड, १७९ स्ट्रीट जमैका, कोनी आयलंड, पेल्हॅम बे पार्क आणि ग्रीनिच व्हिलेज. ही पाटी खोटी आहे हे कळायला फ्रेम उघडायचीसुद्धा गरज नव्हती. विक्रेत्याचं नाव इथं देत नाही. तो उद्या दुसऱ्या नावानं दुकान मांडेल. त्याची रीत कळली तर जास्त उपयोग.

रोलसाइन म्हणजे डब्याच्या खिडकीवरच्या किंवा तोंडावरच्या पेटीत वर-खाली दोन रुळांवर (म्हणजे गोल दांड्यांवर) गुंडाळलेली लांब पट्टी. कर्मचारी हँडल फिरवून हवं ते नाव काचेसमोर आणतो, मागच्या दिव्यामुळे ते रात्री उजळतं. जुन्या बेस्ट बसच्या कपाळावरची गुंडाळीची पाटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

आता ती सात नावं एकेक घेऊ. न्यूयॉर्कची सबवे मुळात आयआरटी, बीएमटी आणि आयएनडी अशा तीन वेगळ्या यंत्रणांची, एवढं आधी लक्षात ठेवा. २०७ स्ट्रीट ठीक आहे, ते स्टेशन सप्टेंबर १९३२ मध्ये आयएनडीच्या एट्थ अव्हेन्यू मार्गाबरोबरच उघडलं. युक्लिड अव्हेन्यू नोव्हेंबर १९४८ मधलं. १७९ स्ट्रीट जमैका डिसेंबर १९५० मधलं. आयएनडीची गाडी कोनी आयलंडला पोचली १९५४ मध्ये. त्याआधी तिथं जाणाऱ्या गाड्या बीएमटीच्या. लेफर्ट्सला ए गाडी जाऊ लागली एप्रिल १९५६ मध्ये. म्हणजे १९३८ च्या पाटीवर अठरा वर्षांनंतरचं भविष्य छापलेलं होतं.

पेल्हॅम बे पार्कची गोष्ट त्याहून वाईट. ते आयआरटीचं टोक, आजच्या ६ नंबरच्या गाडीचं. आयआरटीचे डबे सुमारे पावणेनऊ फूट रुंद, तर बीएमटी आणि आयएनडीचे दहा फूट. दहा फुटी डबा आयआरटीच्या बोगद्यात शिरतच नाही, आणि आयआरटीची प्रवासी गाडी कधी कोनी आयलंडला जात नाही. ही दोन नावं एकाच रोलवर येण्याचं काही कारणच नाही. राहिलं ग्रीनिच व्हिलेज. तो मोहल्ला आहे, गाडीचं शेवटचं स्टेशन नव्हे. रोलवर येतात ती टोकाची स्टेशनं आणि जिथून गाडी मधेच परत फिरवता येते अशी ठिकाणं. चायनाटाउन, सेंट्रल पार्क, एम्पायर स्टेट असलं काही दिसलं की समजावं, हे पर्यटकांसाठी छापलेलं शोभेचं कापड आहे. मात्र ब्रुकलिन ब्रिज हे नाव पाहून घाईनं 'खोटं' म्हणू नका. पुलाचं नाव असलं तरी ते ६ नंबरच्या गाडीचं खरंखुरं टोक आहे.

इथं एक खाचखळगा आहे आणि सराईत विक्रेता नेमका त्यातूनच निसटतो. आर-१ ते आर-९ या प्रकारचे आयएनडीचे डबे १९३० च्या दशकात घेतलेले, पण ते मार्च १९७७ पर्यंत धावत होते. मार्ग बदलले की डब्यातले रोल बदलले जायचे. त्यामुळे 'डबा १९३८ चा' हे खरं असूनही आतला रोल १९६० चा असू शकतो. पाटीचं वय डब्यावरून धरायचं नाही, पाटीवरच्या मजकुरावरून धरायचं. तेही एकाच बाजूनं: रोल अमुक सालाच्या आधीचा नाही, एवढंच एखादं नाव सांगतं. नंतरचा असू शकतो, कारण बंद पडलेल्या मार्गांची नावं रोलवर वर्षानुवर्षं तशीच राहत.

नावांइतकेच अंक, अक्षरं आणि रंग बोलके असतात. आयआरटीच्या गाड्यांवर नंबर दिसू लागले १९४८ च्या आर-१२ डब्यांपासून, त्यामुळे '१९४० चा ५ नंबरचा रोल' ही थापच. बीएमटीच्या सेवांना अक्षरं मिळाली ती १९६०-६१ च्या आर-२७ डब्यांच्या वेळी. आरआर, सीसी, जीजी अशी दुहेरी अक्षरं लोकल गाड्यांसाठी होती, ती मे १९८५ मध्ये संपली. एए चं त्या वेळी के झालं आणि तेही १९८८ च्या अखेरीस बंद पडलं. रंगीत चिन्हं आली नोव्हेंबर १९६७ मध्ये, बीएमटी आणि आयएनडीचे मार्ग जोडणारी ख्रिस्टी स्ट्रीटची जोडणी सुरू झाली तेव्हा. पण ते रंग आजचे नव्हेत. मॅनहॅटनमधल्या मुख्य मार्गाप्रमाणे रंग (एट्थ अव्हेन्यूला निळा, सिक्स्थला नारिंगी, ब्रॉडवेला पिवळा, लेक्सिंग्टनला हिरवा) ही पद्धत १९७९ ची. म्हणून पिवळ्या गोलातल्या आर खाली 'साठच्या दशकातली' असं लिहिलेलं दिसलं की पुढं सरका. जमैका सेंटर हे नाव डिसेंबर १९८८ च्या आधीच्या रोलवर सापडणार नाही, आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर सत्तरच्या दशकाच्या आधीच्या.

अक्षरांचं वळणही पाहावं. जुन्या कापडी रोलवर सगळी कॅपिटल, उंच आणि दाटीनं बसवलेली अक्षरं असतात. हेल्व्हेटिका हा टाइप मुळात १९५७ चा. सबवेनं तो अधिकृतपणे घेतला १९८९ मध्ये, त्याआधी स्टँडर्ड मीडियम चालायचा. आपल्या त्या १९३८ च्या पाटीवर स्वच्छ हेल्व्हेटिका होता. कॉम्प्युटरवर हाताशी असलेला पहिला टाइप घेतला, दुसरं काय!

आता कापड. फसवणाऱ्याचा सगळ्यात आवडता डाव म्हणजे पाटी फोमच्या तक्त्यावर डिंकानं चिकटवून, मागून तपकिरी कागद लावून फ्रेम बंद करून टाकणं. 'टिकावी म्हणून केलंय' असं सांगतात. खरं कारण एकच, मागची बाजू दिसू नये. कारण सगळी कुंडली मागं असते. जुन्या कापडी रोलवर काळा रंग भोवतालचा, अक्षरं म्हणजे दिव्याचा उजेड आरपार यावा म्हणून सोडलेली जागा. त्यामुळे उलट बाजूनं अक्षरं आरशात पाहावीत तशी उलटी दिसतात, आणि पाटी खिडकीसमोर धरली की नावं उजळतात. काळ्या भागात तडे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. त्यांना दोष समजू नका, ती ओळख आहे. बनावट कॅनव्हासवर पांढरं अक्षर हा वरून दिलेला रंग असतो किंवा छपाईत सोडलेला कागदी पांढरेपणा असतो, मागची बाजू कोरी, आणि उजेडात धरलं तर सगळंच सारखं मंद दिसतं. शिवाय चित्रकाराचा कॅनव्हास जाडाभरडा असतो. तो छोट्या पेटीतल्या रुळावर गुंडाळताच येणार नाही. खऱ्या रोलचं कापड बारीक विणीचं, वर लेप दिलेलं, पातळ. नंतरच्या काळात मायलरसारखी प्लॅस्टिक फिल्म आली. तिच्यावरचे रंगीत गोलही उजेड आरपार सोडणारे असतात.

दहापट भिंग चारशे-पाचशे रुपयांत मिळतं, अमेरिकेत दहा डॉलरच्या आत. ते अक्षराच्या कडेवर धरा. खऱ्या रोलवरच्या स्क्रीन छपाईत (जाळीतून रंग दाबून केलेल्या) रंगाचा सपाट थर दिसतो, कड किंचित उंच किंवा थोडी फाटकी. बनावट पाटीच्या इंकजेट छपाईत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके फवारलेले दिसतात, काळ्यातसुद्धा. हे एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही. १९५० च्या आधीचं म्हणून विकलेलं कापड असेल तर अंधारात अतिनील (यूव्ही) किरणांचा टॉर्च मारून बघा. आजच्या कापडातले उजळवणारे पदार्थ निळसर पांढरे चमकतात. मात्र कुणी ते कापड साबणाच्या पावडरीत धुतलं असेल तर जुनंही चमकेल, म्हणून हा पुरावा एकट्यानं निर्णायक धरू नका.

जुनाट दिसण्यासाठी चहा-कॉफीचं पाणी आणि पॉलिश पेपर हे नेहमीचे उपाय. ते पकडायचे असतील तर झीज कुठं आहे ते बघा. खऱ्या रोलवर झीज सारखी नसते. रोज दाखवलं जाणारं नाव दिव्याच्या उष्णतेनं पिवळं-तपकिरी पडलेलं असतं, आणि शेजारचं, वर्षातून एकदा लागणारं नाव जवळजवळ नवं असतं. बाजूच्या कडा रुळाच्या खोबणीत घासून उसवलेल्या, तेलकट काळ्या असतात, मधला भाग त्या मानानं बरा. सात नावं सारखीच पिवळी आणि मधोमध सारखीच खरवडलेली, म्हणजे एका दुपारचं काम. न्यू जर्सीतल्या त्या पाटीवर तर एका अक्षरावरचा 'तडा' तीन ओळी सोडून दुसऱ्या अक्षरावरही हुबेहूब तसाच होता. फोटोतला एकच डाग उचलून दोनदा चिकटवलेला.

खऱ्या मालातही फसवणूक होते आणि ती जास्त बोचते. लांब रोल कापून पाच-सहा नावांचे तुकडे फ्रेममध्ये विकणं हा जुना धंदा आहे. ते सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते तुकड्याला 'पूर्ण रोल' म्हणणं, किंवा दोन वेगळ्या रोलचे तुकडे जोडून मागणी असलेली नावं एकत्र आणणं. पूर्ण रोलला दोन्ही टोकांना काही न छापलेलं कापड असतं, रुळाला जोडण्यासाठी. पुष्कळ रोलवर नावांच्या कडेला बारीक क्रमांक असतात. ४, ५, ६ नंतर एकदम ११ आला तर मधली नावं कुठं गेली ते विचारा. कारखान्यातला किंवा यार्डातला जोड कडेवर कड चढवून, शिवून किंवा पट्टी लावून केलेला असतो, कारण तो रुळावरून सुरळीत फिरायला हवा. टोकाला टोक भिडवून मागून जाड चिकटपट्टी मारलेला जोड रुळावर चार फेऱ्यांतच सुटेल. तो भिंतीसाठीच केलेला असतो.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून पाच फोटो मागायचे: पूर्ण मागची बाजू, खिडकीसमोर धरलेली पाटी, एक कड मोजपट्टीसह, दोन्ही टोकं, आणि एका अक्षराची कड अगदी जवळून. शिवाय आजच्या तारखेची चिठ्ठी पाटीजवळ ठेवून काढलेला एक फोटो, कारण दुसऱ्याच्या लिलावातले फोटो उचलून नसलेला माल विकणारेही आहेत. चिकटवलेली आहे म्हणून मागचा फोटो देता येत नाही, असं उत्तर आलं तर किंमत शोभेच्या छापील कापडाची धरा, त्याहून एक डॉलर जास्त नाही. कुठल्या डब्याची, कुठून मिळाली आणि कोणत्या काळातली, ही तीन उत्तरं जिथं जाहिरात आहे त्या संकेतस्थळाच्या निरोपातच लेखी घ्या. फोनवरचं बोलणं पुढं कामाला येत नाही.

त्या कुटुंबाचे पैसे अडकले ते दोन गोष्टींमुळे. विक्रेत्यानं ४० डॉलर सूट देऊन व्यवहार संकेतस्थळाच्या बाहेर, थेट बँकेतून बँकेत करवून घेतला. असे पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड. क्रेडिट कार्ड असतं तर अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे पहिलं बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करून रक्कम अडवता आली असती. दुसरी गोष्ट, पाटी आल्या आल्या भिंतीवर गेली आणि तपासायला कुणी काढली तोवर विक्रेत्यानं दिलेली परतीची मुदत उलटून गेली होती. पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढावा, मागचा कागद त्याच दिवशी उचकटावा. फ्रेम बिघडेल म्हणून थांबू नये, फ्रेम तीस डॉलरची असते. खोटी निघाली तर तिच्यावर इस्त्री, लॅमिनेशन, दुरुस्ती असलं काही करू नका. आली तशी परत करता यायला हवी.

एक धोका उलट दिशेचा आहे. पाटी अगदी अस्सल, स्वस्त आणि ताजी. आर-६२ए आणि आर-६८ या डब्यांत आजही रोल आहेत, आणि ते चालत्या गाडीतून चोरले जातात. असा रोल सबवे चालवणाऱ्या वाहतूक प्राधिकरणाच्या (एमटीएच्या) मालकीचाच राहतो. तो विकत घेणारा चोरीचा माल बाळगतो. विक्रेता 'मामा यार्डात कामाला होता' म्हणाला आणि कागद मात्र काही नाही, तर नाद सोडा. एमटीए स्वतः जुन्या वस्तू, पाट्या आणि रोल अधूनमधून विकते. तिथली पावती जपून ठेवली तर पुढं पाटी विकताना तीच सगळ्यात मोठा पुरावा ठरते. ब्रुकलिनमध्ये कोर्ट स्ट्रीटच्या बंद स्टेशनात १९७६ पासून ट्रान्झिट म्युझियम आहे. तिथं जुन्या डब्यांत बसलेले रोल जागच्या जागी, पेटीत आणि दिव्यासमोर पाहता येतात. तिथल्या दुकानातल्या प्रतिकृती प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात, आणि नुसती भिंत सजवायची असेल तर त्यांत काही वाईट नाही.